आधी कागद, मग बीट

लग्नसराई तोंडावर आली की कसारा-खर्डीपासून थेट धसई-टोकावड्यापर्यंत नव्या गाण्यांची गडबड सुरू होते. कुणाचं हळदीचं गाणं, कुणाचं एकवीरा आईचं, कुणाचं म्हसा यात्रेवरचं, तर कुणाचं सरळ रॅप. गाणारे कुणी कॉलेजात जाणारे, कुणी मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी करणारे, कुणी आसनगाव-वासिंदहून रोज लोकल धरणारे. शब्द त्यांचे, चाल त्यांची, आवाज त्यांचा. मागे वाजणारं म्युझिक, म्हणजे बीट, मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं. यूट्यूबवरून उतरवलेलं, कल्याण-भिवंडीकडच्या स्टुडिओत पैसे मोजून करून घेतलेलं, नाहीतर ओळखीतल्या एखाद्या पोराने एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर रात्र जागून बनवून दिलेलं. या तिन्ही प्रकारांत कागद म्हणून काही नसतो.

गाणं पाचशे-हजार लोकांनी ऐकलं तोवर कुणी विचारत नाही. ते लाखांत गेलं, रीलवर चढलं, एखाद्या कंपनीने किंवा मोठ्या चॅनलने मागितलं, की पहिला प्रश्न येतो : म्युझिकचे हक्क कुणाकडे आहेत? तिथे गाडी अडते. कधी गाणं उतरवावं लागतं, कधी उत्पन्न तिसऱ्याच्या खात्यात जातं, आणि कधी दोन जिवलग मित्रांचं बोलणं कायमचं बंद होतं. हे सगळं गाणं बाहेर काढण्याच्या आधी अर्ध्या तासात टाळता येतं. तो अर्धा तास कसा वापरायचा, ते शहापूर-मुरबाडच्या गाणाऱ्या आणि बीट बनवणाऱ्या दोघांसाठी इथे लिहीत आहे.

पैसे दिले म्हणजे मालकी आली असं नाही

आपल्याकडे या सगळ्याला १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. या कायद्याच्या हिशेबाने गाण्यात निदान तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. शब्द ही एक, चाल आणि संगीतरचना ही दुसरी, आणि या सगळ्याचं जे ध्वनिमुद्रण होतं ती तिसरी. शिवाय गाणाऱ्याचा कलाकार म्हणून स्वतःच्या गायनावर हक्क असतो तो निराळाच. बीटच्या एका फाइलमध्ये यातल्या दोन मालमत्ता एकत्र असतात, संगीतरचना आणि तिचं ध्वनिमुद्रण. हा हक्क बीट बनली त्या क्षणी निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी करावीच लागते असं नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. 'मी स्टुडिओला पैसे दिले, म्हणजे म्युझिक माझं झालं,' असं जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. पैसे देऊन फोटो काढून घेतला, चित्र काढून घेतलं किंवा चित्रपट बनवून घेतला, तर वेगळं काही ठरलेलं नसताना करून घेणारा पहिला मालक होतो. संगीतरचना त्या यादीत नाही. पगारी नोकर म्हणून कुणी संगीत बनवलं तर गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे असा पगारी संगीतकार कोण ठेवतो? ज्याने रचना केली तो तिचा पहिला मालक, आणि ही मालकी दुसऱ्याकडे जायची तर लेखी करार हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याला कायदा निर्माता मानतो. त्यामुळे पैसे देणाऱ्याला तिथे भांडायला जागा असते. पण ती भांडायची जागा झाली, आणि भांडण दोघांनाही परवडत नाही.

म्हणून बीट घेताना आपण नक्की काय घेतोय ते आधी ठरवा : वापरायची परवानगी की मालकी. परवानगी म्हणजे लायसन्स. बीट बनवणाऱ्याची मालकी तशीच राहते, तुम्हाला ठरलेल्या गाण्यासाठी, ठरलेल्या मुदतीपर्यंत ती वापरता येते. नव्याने सुरुवात करणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच पुरतं. मालकी मागितली की किंमत वाढते, आणि बहुतेकांना तिची गरजही नसते.

इंटरनेटवरची बीट

यूट्यूबवर 'टाइप बीट' शोधली की हजारो सापडतात. कुणा मोठ्या कलाकाराच्या वळणाची बीट असा त्याचा अर्थ. निम्म्याहून जास्त नावांपुढे फ्री लिहिलेलं असतं. डाउनलोड करण्याआधी खालचं डिस्क्रिप्शन शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे बहुधा लिहिलेलं असतं की कमाई न करता वापरा, माझं नाव द्या, स्पॉटिफायवर टाकायचं असेल तर लायसन्स विकत घ्या. म्हणजे शब्द बसवून बघायला, मित्रांना ऐकवायला ती फुकट आहे, गाणं बाजारात आणायला नाही. काही जण 'फ्री फॉर प्रॉफिट' असं स्पष्ट लिहितात, तिथे कमाईची मुभा असते. तरीही त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण डिस्क्रिप्शन उद्या बदलता येतं. बीटच्या सुरुवातीला बनवणाऱ्याचं नाव पुटपुटणारा जो आवाज असतो तो टॅग. तो कापून गाणं टाकणं म्हणजे आपण विचारलं नाही याचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार करणं.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालीही पुष्कळ संगीत मिळतं. त्यात दोन अक्षरजोड्या बघायच्या. एनसी लिहिलं असेल तर व्यापारासाठी वापर नाही. एनडी लिहिलं असेल तर मूळ कामात फेरफार करून नवं काम बाहेर काढता येत नाही, म्हणजे त्यावर गाऊन गाणं प्रसिद्ध करता येत नाही.

या एनसीवरून जगातल्या एका प्रचंड गाजलेल्या गाण्याची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या नाइन इंच नेल्स या बँडने २००८ मध्ये आपला 'घोस्ट्स' हा वाद्यसंगीताचा संच अशाच बिगरव्यापारी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला होता. दहा वर्षांनी हॉलंडमधल्या यंगकिओ नावाच्या तरुणाने त्यातला बँजोचा तुकडा घेऊन बीट बनवली आणि बीटस्टार्स या बाजारात विकायला ठेवली. लिल नॅस एक्स या तेव्हा कुणालाच माहीत नसलेल्या मुलाने ती ३० डॉलरला घेतली, म्हणजे आजच्या भावाने अडीच-पावणेतीन हजार रुपये. डिसेंबर २०१८ मध्ये 'ओल्ड टाउन रोड' आलं आणि २०१९ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत सलग १९ आठवडे पहिलं राहिलं. मोठी कंपनी मध्ये आली तेव्हा त्या तुकड्याची परवानगीच घेतलेली नाही हे समोर आलं. बँडचे ट्रेंट रेझनर आणि अ‍ॅटिकस रॉस यांच्याशी बोलणी झाली, त्यांची नावं गाण्याच्या श्रेयात लागली, वाटा ठरला. तिथे समोरची माणसं समजूतदार होती म्हणून गाणं वाचलं. आपण शिकायचं ते असं की बीट विकत घेतली, पावती मिळाली, तरी बीटच्या आत दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग आहे का, हे विचारावंच लागतं. हा प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या.

बीटस्टार्स, एअरबिट अशा ठिकाणी एकच बीट चार-पाच दरांत विकायला असते. स्वस्त दरात नुसती एमपीथ्री मिळते. त्याच्यावर वाव्ह फाइल, त्याच्यावर स्टेम्स, म्हणजे ढोलकी, बेस, सिंथ असे वेगवेगळे ट्रॅक. मिक्सिंग नीट व्हायला स्टेम्स लागतात, शक्य असेल तर तेच घ्या. या सगळ्याला लीज म्हणतात, आणि लीजवरची बीट म्हणजे मंडपवाल्याचं सामान : आज तुमच्या दारी, उद्या शेजारच्या गावात, मालकी कायम त्याचीच. तीच बीट त्याच आठवड्यात आणखी पन्नास जण घेऊ शकतात. करारात स्ट्रीमची मर्यादा असते, कुठे ५० हजार, कुठे १ लाख, कुठे अमर्याद. ती ओलांडली की वरच्या दराचं लायसन्स घ्यावं लागतं. मुदत असते. किती व्हिडिओ काढता येतील, स्टेजवर पैसे घेऊन गाता येईल का, रेडिओवर चालेल का, हेही लिहिलेलं असतं. संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा बहुतेक करारांत बीट बनवणाऱ्याकडेच राहतो. इंग्रजी जड वाटली तर शाळेतल्या इंग्रजीच्या सरांकडे किंवा मॅडमकडे बसून वाचून घ्या, पण वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

सर्वांत महाग ते एक्सक्लुझिव्ह. ते घेतल्यावर बनवणारा ती बीट पुढे कुणाला विकत नाही. पण आधी ज्यांनी लीज घेतली आहे त्यांची गाणी त्यांच्या मुदतीपर्यंत चालूच राहतात. एक्सक्लुझिव्हला भरपूर पैसे मोजून नंतर तीच बीट दुसऱ्याच्या गाण्यात ऐकून धक्का बसलेले लोक आहेत. तेव्हा पैसे देण्यापूर्वी आत्तापर्यंत किती लीज दिल्या ते विचारून घ्या.

आता कंटेंट आयडीबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त गोंधळ याच एका खुणेने होतो. गाणं स्पॉटिफाय, जिओसावन वगैरेंवर पाठवायचं तर डिस्ट्रिब्युटर लागतो. त्याचा फॉर्म भरताना एक चौकट येते : यूट्यूब कंटेंट आयडी हवं का? जास्त पैसे मिळतील असं वाटून सगळेच खूण करतात. कंटेंट आयडी म्हणजे यूट्यूबची ओळखयंत्रणा. तुमचा आवाज कुणाच्याही व्हिडिओत सापडला की तो तुमच्या नावावर दावा लावते. समजा, डोळखांबच्या एका मुलाने आणि पोलंडमधल्या एका रॅपरने एकच बीट लीजवर घेतली. डोळखांबच्या मुलाने खूण केली. यंत्रणेला बीट ओळखू येते, ती कुणी लीजवर घेतली हे कळत नाही. ती पोलंडच्या गाण्यावर दावा लावते, बीट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या व्हिडिओवरही लावते. पोलंडवाल्याने उलट केलं तर डोळखांबच्या मुलाचं उत्पन्न तिकडे जातं. फक्त तुमच्याच मालकीचा आवाज तिथे नोंदवावा, असा यूट्यूबचा नियम आहे. म्हणून लीजवरच्या बीटला ती चौकट रिकामी ठेवायची. तुमची बीट नवी बनवलेली असली पण तिच्यात बाजारात मिळणारे लूप, म्हणजे तयार वाजवलेले तुकडे, जसेच्या तसे असतील, तरीही सांभाळून, कारण तोच लूप आणखी हजार जणांकडे आहे.

एआयने बनवलेल्या संगीतालाही अटी असतात. सुनोसारख्या सेवेच्या फुकट योजनेत बनवलेलं संगीत व्यापारासाठी वापरता येत नाही, त्यासाठी पैसे भरून योजना घ्यावी लागते.

ओळखीतल्या माणसाकडून करून घेताना

आपल्या दोन तालुक्यांत खरं काम असंच होतं. स्टुडिओवाला म्युझिक, डबिंग, मिक्सिंग-मास्टरिंग मिळून एक आकडा सांगतो, गाणं व्हॉट्सअॅपवर येतं, विषय संपतो. किंवा गावातलाच ऑक्टोपॅड वाजवणारा, बेंजो पार्टीत कीबोर्डवर असणारा मुलगा मैत्रीखातर बनवून देतो. मैत्रीत कागद कशाला, असं वाटतं. माझं मत उलटं आहे. अनोळखी माणसाशी वाद झाला तर पैसे जातात. मित्राशी झाला तर मित्रही जातो. त्यामुळे कागद मित्राशीच आधी करावा.

कागद फार मोठा नको. मराठीतच लिहा, असा :

'मी ______, राहणार ______, ______ या नावाची बीट स्वतः बनवली आहे. तिच्यात दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डिंगचा भाग वापरलेला नाही (वापरला असल्यास तपशील : ______). ही बीट मी ______ यांना ______ या एका गाण्यासाठी वापरण्यास देत आहे. हे गाणं यूट्यूब, इन्स्टाग्राम, सर्व स्ट्रीमिंग सेवा, रेडिओ, टीव्ही आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांत संपूर्ण जगात ______ वर्षं वापरता येईल. हे गाणं वर्षभरात प्रसिद्ध झालं नाही तरी ही परवानगी मुदतीपर्यंत चालू राहील. हीच बीट मी आणखी कुणाला देऊ शकेन / देणार नाही. मोबदला ______ रुपये, दिनांक ______ रोजी मिळाला. गाण्याच्या उत्पन्नात माझा वाटा ______ टक्के राहील, हिशेब दर ______ महिन्यांनी होईल. श्रेयात माझं नाव ______ असं द्यावं. कंटेंट आयडीत नोंद ______ करतील / कुणीही करणार नाही. गाणं दुसऱ्या चॅनलला किंवा कंपनीला द्यायचं झाल्यास दोघांची लेखी संमती लागेल.'

खाली दोघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. गाळलेली एकही जागा रिकामी ठेवू नका, कारण रिकाम्या जागा कायदा स्वतः भरतो. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नाही तर परवानगी फक्त भारतापुरती मानली जाते, आणि तुमचं गाणं यूट्यूबवर दुबईतला गाववाला ऐकतो तेव्हा ते भारताबाहेर गेलेलं असतं. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो संपुष्टात येतो, वेगळं ठरलेलं नसेल तर. म्हणून ते वर्षभराचं वाक्य नमुन्यात मुद्दाम घातलं आहे. आपल्याकडे गाणी रखडतात : गायकाचा घसा बसतो, व्हिडिओचे पैसे जमत नाहीत, पावसाळा येतो.

लायसन्स लेखी असावं एवढंच कायदा सांगतो. तरी पुढे कोर्टात दाखवायची वेळ आली तर मुद्रांकावर केलेला करार बरा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारनाम्याला १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. तेवढे पैसे या घडीला नसतील तर काम अडवून ठेवू नका. वरचा मजकूर ईमेलवर पाठवा आणि समोरच्याकडून 'मान्य आहे' असं नावासकट उत्तर घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करारही ग्राह्य असतो. मालकीच विकत घ्यायची असेल तर मात्र सहीचा कागद हवाच. व्हॉट्सअॅपवरचा 'हो भाऊ घे' हा संदेश काहीच नसण्यापेक्षा बरा, पण त्यात मुदत नाही, वाटा नाही, गाण्याचं नावही नाही.

एक गोष्ट विसरली जाते. उत्तम बीट बनवणारी कितीतरी मुलं दहावी-बारावीतली असतात. अठरा वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार कायद्यात टिकत नाही. अशा वेळी आई-वडिलांना समोर बसवा, समजावून सांगा, पालक म्हणून त्यांची सही घ्या. त्या घरात पोराच्या कामाकडे बघण्याची दृष्टीही त्या दिवसापासून बदलते.

पारंपरिक म्हणून उचललेलं

हळदीच्या गाण्यात जुनी चाल, जुनी ओळ घालायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्यात गैर काही नाही. खरोखर परंपरेतून आलेल्या चालीवर कुणाची मालकी नसते. पण पारंपरिक वाटणारं सगळंच पारंपरिक नसतं. 'मी डोलकर' हे गाणं कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या गायलं जात असावं असं वाटतं. त्याचे शब्द शांता शेळके यांचे आणि चाल हृदयनाथ मंगेशकर यांची. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शांताबाई २००२ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. अशा गाण्याची धून बीटमध्ये घालायची तर परवानगी हवी. कव्हर व्हर्जनसाठी कायद्यात सोय आहे, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षं जावी लागतात आणि दर वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. घरगुती गाण्याला ते परवडत नाही.

आणि चाल मोकळी असली तरी रेकॉर्डिंग मोकळं नसतं. आपल्याकडे लग्नात धवळे गाणाऱ्या धवलारीण बाया अजून आहेत. ठाकरांच्या नाचाला ढोलकी वाजवणारे, तारपा वाजवणारे आहेत. त्यांचा आवाज मोबाइलवर धरून आणायचा, त्याचा तुकडा कापून बीटवर चढवायचा आणि गाणं 'फोक फ्यूजन' म्हणून टाकायचं, ही पद्धत हल्ली वाढली आहे. धवळ्याचे शब्द कुणाचे नसतील, पण त्या बाईचं गाणं तिचं आहे. कलाकाराचा हक्क कायद्यात आहे, तो ५० वर्षं टिकतो, आणि तिच्या संमतीशिवाय केलेलं ध्वनिमुद्रण त्या हक्काचा भंग ठरतं. रेकॉर्ड करण्यापूर्वी तिला नीट सांगा की हे गाण्यात वापरणार, ते विकलं जाणार, त्यातून पैसे येऊ शकतात. लिहिता-वाचता येत नसेल तर तिच्याच बोलीत संमती रेकॉर्ड करा आणि घरातल्या शिकलेल्या माणसासमोर कागदावर अंगठा किंवा सही घ्या. मानधन आधी हातावर ठेवा, श्रेयात तिचं नाव आणि पाड्याचं नाव लिहा. शहरातल्या संगीतकाराने आपल्याला फसवलं तर आपण चिडतो. आपल्याच गावातल्या म्हातारीचा आवाज विचारल्याशिवाय घेताना तीच चीड स्वतःवर यायला हवी.

बीट बनवणाऱ्यांसाठी

आता पलीकडच्या बाजूला बसलेल्यांशी बोलतो. किन्हवली, सरळगाव, शेणव्यासारख्या गावांत घरच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या मुलांचा हात चांगला आहे. हलगी, संबळ, ढोलकी, बेंजोचा ढंग त्यांच्या कानात बसलेला आहे, तो परदेशातल्या बीटवाल्याकडे मिळत नाही. तरी ही मुलं आपलं काम एकदाच विकतात, तेही पडेल भावाने, आणि गाण्यावर नाव लागलं तरी समाधान मानतात. असं करू नका. एकदा बनवलेली बीट लीजवर अनेकांना देता येते. एक दर साध्या लीजचा, एक स्टेम्ससकट, एक फक्त एकालाच द्यायची असेल तर. तिन्ही दर लिहून काढा आणि विचारणाऱ्याला तोच कागद पाठवा. मालकी विकायचीच असेल तर निदान ठरवून विका.

नाव ही तर तुमची हक्काची गोष्ट. मालकी विकल्यानंतरही आपण त्या कामाचे कर्ते आहोत असं सांगण्याचा हक्क कायद्याने तुमच्याकडेच राहतो. २०२४ मध्ये गाजलेलं 'गुलाबी साडी' आठवा. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड यांच्या नावाबरोबर संगीत करणाऱ्या जी-स्पार्कचं नावही त्या गाण्याला लागलेलं आहे. मराठी स्वतंत्र गाण्यात असं व्हायलाच हवं.

रॉयल्टीबद्दल २०१२ ची दुरुस्ती तुमच्या बाजूची आहे. जावेद अख्तर राज्यसभेत असताना त्यांनी तिच्यासाठी जोर लावला होता. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडून कुणी लिहून घेऊ शकत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. मोठ्या चॅनलच्या करारात 'सर्व हक्क कायमचे, रॉयल्टी नाही' असं छापलेलं असलं तरी त्या वाट्यापुरतं ते चालत नाही. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, १९६९ पासूनची, कार्यालय मुंबईत. रेडिओने मूळ गीत-संगीताचीही रॉयल्टी द्यायला हवी, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये आयपीआरएसच्याच दाव्यात दिला. काही गाणी रीतसर प्रसिद्ध झाली की सभासदत्वाचा अर्ज करा. बीट बनवणाराही संगीतकार म्हणून सभासद होऊ शकतो.

बीटची प्रोजेक्ट फाइल कधी पुसू नका. स्टेम्स आणि पहिल्या दिवसाची कच्ची फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा, तारखेचा पुरावा राहतो. एखादी बीट फार मोलाची वाटली तर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करा. संगीतरचनेला ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये शुल्क आहे.

वाजवणं वेगळं, टाकणं वेगळं

हळदीत, वरातीत गाणं वाजवलं तर परवाना लागतो का, असं डीजेवाले आणि बेंजोवाले नेहमी विचारतात. खरोखरचा धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ, वरातीसकट, यांना कायद्यात सूट आहे. अशा वेळी कुणी रॉयल्टी मागू नये, असं केंद्र सरकारने २४ जुलै २०२३ च्या सूचनेत पुन्हा स्पष्ट केलं. पण ही सूट मांडवात वाजवण्यापुरती आहे. त्याच हळदीचा व्हिडिओ शूटिंगवाल्याने गाणं लावून यूट्यूबवर टाकला की सूट संपली. तिकीट लावून केलेल्या कार्यक्रमालाही ती लागू नाही. तुमचं स्वतःचं गाणं स्टेजवर गायचं असेल आणि त्यामागे लीजची बीट असेल, तर लीजमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमाचा उल्लेख आहे का ते बघा.

टाकलेल्या गाण्यावर यूट्यूबवर दावा आला तर घाबरून चॅनल बंद करू नका. कंटेंट आयडीचा दावा आणि स्ट्राइक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यात व्हिडिओ बहुधा राहतो, पैसे दावा करणाऱ्याकडे जातात. तुमच्याकडे लायसन्स असेल तर हरकत नोंदवा, समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. स्ट्राइक, म्हणजे हक्कभंगाच्या तक्रारीवरून चॅनलला मिळणारी ताकीद, गंभीर आहे. ९० दिवसांत तीन आल्या तर चॅनल जाऊ शकतं. स्ट्राइक आली की आधी स्वतःचा कागद काढून बघा, मग बीट बनवणाऱ्याशी थेट बोला. पुष्कळ वेळा लायसन्सची प्रत पाठवल्यावर तो स्वतःच ती मागे घेतो. लायसन्स नसेल तर त्याला सरळ सांगा आणि आता घ्यायची तयारी दाखवा. बीटवाल्यांना भांडणापेक्षा गिऱ्हाईक हवं असतं.

उलट, तुमचीच बीट कुणी न विचारता वापरली, तर पहिलं पत्र शांत भाषेत पाठवा : बीटचं नाव, बनवल्याची तारीख, कुठे वापरली त्याची लिंक, आणि तुम्हाला काय हवंय ते. नाव हवंय, पैसे हवेत, की गाणं उतरवायला हवंय? पंधरा दिवसांची मुदत द्या. ऐकलं नाही तर यूट्यूबकडे तक्रार करा. दाव्यापर्यंत गेलंच तर कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयात चालतो, आणि तो तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्ह्यात लावता येतो. समोरचा दिल्लीचा असला तरी तुम्हाला दिल्लीला जावं लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर शहापूर किंवा मुरबाडच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, कारखान्यातले कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. जाताना करार, पैसे दिल्याची नोंद, स्क्रीनशॉट आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा, आणि प्रत्येकाची एक छापील प्रतही ठेवा.